जुनी खुर्ची, हातमागाचे कापड आणि हलाल रोजी

आमच्या घरात एक खुर्ची आहे. सागवानाची, रुंद हातांची, बैठक आणि पाठ दोन्ही गादीची. आजोबांनी ती घेतली होती असे घरातले वडीलधारे सांगत. गेल्या पावसाळ्यात तिची बैठक एका बाजूने खचली, वरचे रेक्झिन फाटले आणि आतले काहीबाही बाहेर डोकावू लागले. घरात ठरले की आता हे धूड भंगारात द्यावे. भंगारवाला आला, त्याने खुर्ची उचलून पाहिली आणि जो भाव सांगितला तो जळाऊ लाकडाच्या वजनाचा होता. तेव्हा मात्र आम्हाला खटकले. ज्या खुर्चीवर बसून आजोबांनी चाळीस वर्षे फजरनंतरचा चहा घेतला, तिची किंमत चार किलो सरपण?

खुर्ची टेम्पोत घालून आम्ही कळव्यातल्या एका गादीकाम करणाऱ्या बुजुर्ग कारागिराकडे गेलो. आसपासचे सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी खुर्ची उलटी केली, पायांचे सांधे हलवून पाहिले, नखाने लाकूड खरवडले आणि सांगितले की लाकूड अजून दोन पिढ्या टिकेल, बिघाड आहे तो पोटात आहे. मग आमच्यादेखत त्यांनी ती उकलायला घेतली.

वरचे रेक्झिन निघाले. त्याखाली छापील फुलांचे कापड निघाले. त्याखाली कापसाऐवजी चिंध्या, गोणपाटाचे तुकडे आणि कसल्याशा मळकट सुताचे गोळे निघाले. आणि सगळ्यांत खाली, नवारीच्या कुजक्या पट्ट्यांवर, आजोबांच्या वेळचा काथ्या आणि हातमागाच्या पट्टेरी कापडाची एक किनार निघाली. वीस वर्षांपूर्वी आम्हीच एका दुकानातून ही खुर्ची नव्याने भरून घेतली होती आणि नव्या कापसाचे पैसे रोख मोजले होते. नवार बदलल्याचेही पैसे दिले होते. नवार मात्र जुनीच होती.

त्या दिवशी आम्हाला या धंद्याचे मर्म कळले. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपल्या वाचकांना माहीत आहे. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. गादीकाम म्हणजे हुबेहूब तोच ढीग आहे. वर कापड दिसते, आत काय आहे ते फक्त कारागीर जाणतो आणि अल्लाह जाणतो. म्हणूनच हा धंदा प्रामाणिक माणसासाठी मोठ्या बरकतीचा आहे. या आठवड्यात त्याचीच माहिती देत आहोत.

कळवाच का?

ठाण्याची खाडी ओलांडली की कळवा लागतो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. पुढे मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण. उत्तरेला भिवंडी. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर गादीकाम करणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. ठाण्यातल्या जुन्या इमारती आणि चाळी पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना लोक सर्वांत आधी आजोबांच्या खुर्च्या बाहेर काढतात. उल्हासनगरचा फर्निचर बाजार लोकलच्या टप्प्यात आहे. भिवंडीत यंत्रमाग आहेत, म्हणजे अस्तराचे कापड, मांजरपाट आणि सूत जवळच मिळते. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर खाडीच्या पलीकडे ठाणे, अलीकडे नवी मुंबई.

खाडीकाठच्या या भागाची एक अडचणही आहे. खारी, दमट हवा. साध्या लोखंडी चुका इथे लवकर गंजतात आणि गंजाचा डाग कापडावर उमटतो. म्हणून दर्शनी बाजूला पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरावेत. पावसाळ्यात काथ्या व कापूस उन्हात वाळवल्याशिवाय भरू नये. ओलावा आत कोंडला गेला की वर्षभरात खुर्चीला कुबट वास येतो आणि नाव कारागिराचे खराब होते.

कोणत्या खुर्च्या येतात?

साधारणपणे चार जातींच्या खुर्च्या दुरुस्तीला येतात.

पहिली, सागवानाची हातांची खुर्ची आणि लांब हातांची आरामखुर्ची. दुसरी, शिसवीची कोरीव खुर्ची. शिसव जड, काळसर आणि घट्ट रेषेची असते. तिच्यात नवा खिळा ठोकायचा तर आधी बारीक भोक पाडावे लागते, नाहीतर लाकूड तडकते. तिसरी, सरकारी कचेऱ्या आणि शाळांतली वेताच्या बैठकीची खुर्ची. चौथी, इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची.

या चौथ्या खुर्चीची हकिगत मोठी गमतीची आहे. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ मध्ये चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. बीच झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवले जाई. सगळी खुर्ची सहा लाकडी भागांची, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग केले की ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. त्यामुळे ती बोटीने जगभर गेली, तिच्या धर्तीवर इतरांनीही खुर्च्या काढल्या आणि त्या मुंबईच्या इराणी हॉटेलांपर्यंत आल्या. आज इराणी हॉटेले कमी होत चालली आहेत आणि त्या खुर्च्यांना शौकीन गिऱ्हाईक वाढते आहे. अशी खुर्ची दुरुस्तीला आली तर तिला खिळे ठोकून घट्ट करण्याची घाई करू नये. तिचे स्क्रू आवळले की बहुतेक वेळा काम भागते.

वेताच्या बैठकीचे काम वेगळे. वेत पाण्यात भिजवून मऊ करायचा, चौकटीच्या भोकांतून आधी उभे दोन पदर, मग आडवे दोन, मग दोन तिरपे घालायचे आणि शेवटी कडेने जाड वेताची पट्टी बसवायची. हे काम बोटांच्या स्पर्शाने होते. म्हणूनच आपल्याकडे अंधशाळांतून ते आवर्जून शिकवले गेले आणि सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या विणून कित्येक अंध बांधवांनी संसार चालवले. आज तयार जाळीचा वेत मिळतो, खाचेत बसवला की झाले. तो स्वस्त पडतो, पण भोके पाडलेल्या जुन्या चौकटीला हाताचीच वीण हवी.

काम कसे चालते?

चाचांकडे आमची खुर्ची बारा दिवस होती. त्यातले बरेचसे आम्ही पाहिले. क्रम असा.

आधी जुने कापड फाडायचे नाही, खिळे काढून अखंड उतरवायचे. तोच नव्या कापडाचा खाका होतो. मग लाकडाची तपासणी. बारीक भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड आहे. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय ती खुर्ची दुसऱ्या खुर्च्यांजवळही ठेवू नये. हलणारे सांधे उघडून जुना सरस खरवडून काढायचा, नवा चिकटपदार्थ लावून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवायचे. सांध्याला बाहेरून खिळा ठोकणे ही कामचुकारांची पद्धत.

त्यानंतर पॉलिश. जुन्या खुर्चीला चपडा लाखेचे पॉलिश शोभते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचे. वर्षानुवर्षे हात लागून लाकडाला जी झळाळी आलेली असते ती घासून काढू नये. नवेकोरे करण्याच्या नादात कित्येक खुर्च्यांची अब्रू गेली आहे.

मग पोटाचे काम. नवारीच्या पट्ट्या ताणून उभ्या-आडव्या, एकीखालून एक अशा विणायच्या. स्प्रिंगा असतील तर त्या नवारीला शिवून, वरून मजबूत सुतळीने आठ दिशांना बांधायच्या. त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर कापसाचा थर किंवा चांगल्या घनतेचा फोम, त्यावर मांजरपाट. मांजरपाटाचे कव्हर ताणून बसले की खुर्चीचा आकार ठरला. खरे कापड त्यावर येते. जो मांजरपाट वाचवतो त्याचे वरचे कापड लवकर फाटते, कारण सगळा ताण त्यालाच सोसावा लागतो.

एक सूचना. जुन्या विलायती खुर्च्या-सोफ्यांत घोड्याच्या केसांचे भरण असे आणि काही वेळा त्यात डुकराचे केसही मिसळलेले असत. अशी खुर्ची नमाजी माणसाच्या घरात जाणार असेल तर जुने भरण परत वापरू नये, आणि तसे गिऱ्हाइकाला सांगावे.

कापडाची निवड

आता मुख्य मुद्दा. फोम आणि रेक्झिनचे काम गल्लोगल्ली होते. त्यात स्पर्धा आहे आणि नफा बारीक आहे. जुन्या खुर्चीला हातमागाचे पारंपरिक कापड लावून देणारे मात्र थोडे आहेत. इथेच नव्या माणसाला वाव आहे.

महाराष्ट्रात त्यासाठी दूर जावे लागत नाही. औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरू आणि मशरू हे आपल्या विणकरांचे कापड. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा दिल्लीकडचे विणकर इथे आले आणि त्यांच्याबरोबर ही कला आली, असे सांगितले जाते. किनखाब सोन्या-रुप्याच्या तारांचा, राजेरजवाड्यांना परवडणारा. त्याच धर्तीवर सुती धाग्यावर रेशमी वेलबुट्टी काढून हिमरू विणले गेले. निजामशाहीच्या काळात शेरवान्या आणि शाली त्याच्या होत. आज हाताने हिमरू विणणारी घरे मोजकीच उरली आहेत आणि यंत्रावरची नक्कल हिमरू म्हणून सर्रास विकली जाते. उलटी बाजू पाहावी. अस्सल हिमरूच्या पाठीमागे जादा रेशमी धागे मोकळे सुटलेले दिसतात.

मशरूची गोष्ट तर आपल्या शरीयतशीच जोडलेली आहे. मशरू म्हणजे शरीयतने ज्याची मुभा दिली ते. पुरुषांना रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा घेऊन असे कापड विणले की रेशमाची चमक वर राहते आणि अंगाला सूत लागते.

पण इथे एक प्रश्न उभा राहतो आणि गिऱ्हाईक तो विचारतेच. रेशमावर बसलेले चालते का? बुखारीतल्या एका हदीसमध्ये रेशीम परिधान करण्याबरोबरच त्यावर बसण्याचीही मनाई आली आहे. मिश्र कापडाबाबत मजहबांत तपशिलाचा फरक आहे. हनफी मतात ताणा रेशमी व बाणा सुती असलेले कापड चालते. शाफई मतात रेशमाचे प्रमाण पाहिले जाते, ते दुसऱ्या धाग्याहून जास्त नसावे. आपल्या ठाणे, कल्याण आणि कोकण पट्ट्यात दोन्ही मजहबांचे लोक राहतात. तेव्हा ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. दुकानदाराचे काम एवढेच की कापडात काय आहे ते खरे सांगावे. हल्ली बाजारातल्या बऱ्याच मशरूत रेशमाऐवजी रेयॉन असते. मग हा प्रश्नच उरत नाही. पण रेयॉनला रेशीम म्हणून रेशमाचा भाव लावला तर दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे.

बाकीची कापडे अशी. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, जाड असते आणि बैठकीला उत्तम टिकते. सतरंजी आणि जमखान्याचे सुती कापड आरामखुर्चीच्या झोळीला चांगले. धनगरी घोंगडीची लोकर पाठीला शोभते, बैठकीला टोचते. खण आणि इरकल देखणे, पण पातळ. ते उशांना आणि पाठीच्या मधल्या भागाला लावावे, बैठकीला नाही.

कापड घेताना चार परीक्षा कराव्यात. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते पाहावे. शिवणीजवळ दोन्ही हातांनी ओढून धागे सरकतात का ते पाहावे. सरकत असतील तर मागून मांजरपाट चिकटवून किंवा शिवून घ्यावा. पन्हा मोजावा. हातमागाचा पन्हा पुष्कळदा अरुंद असतो, सोफ्याच्या कापडासारखा ५४ इंच नसतो. आणि बुट्टी असेल तर ती बैठकीच्या मधोमध यावी म्हणून थोडे जास्त कापड धरावे. अंदाज म्हणून सांगतो, ५४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये जेवणाच्या टेबलाच्या तीन-चार साध्या बैठका होतात, तर पाठ आणि बैठक दोन्ही गादीच्या हातांच्या खुर्चीला अडीच ते तीन मीटर लागते. अरुंद पन्ह्याला हा हिशेब वाढतो. तो आधीच गिऱ्हाइकाला सांगितला तर नंतर वाद होत नाही.

अस्सल हातमागाची खूण म्हणून २००६ पासून केंद्र सरकारचा हातमाग शिक्का आहे. तो पाहून घ्यावा. विणकराकडून थेट घेतले तर त्याला दोन पैसे अधिक मिळतात आणि आपल्यालाही बाणा कशाचा, ताणा कशाचा ते त्याच्या तोंडून कळते.

भांडवल आणि व्याज

या धंद्याला मोठे यंत्र लागत नाही. हातोडी, चिमटा, नवार ताणायचा दांडा, वाकडी सुई, कात्री, शिलाई यंत्र, स्टेपल गन आणि एक शिकंजा एवढ्यावर सुरुवात होते. जागा मात्र कोरडी हवी.

आपले कितीतरी तरुण कर्जाच्या व्याजामुळे मागे फिरतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, कापडाचे पैसे गिऱ्हाइकाकडून आधी घेण्याची या धंद्यात रीतच आहे, त्यामुळे माल अंगावर पडत नाही. दोन, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी व्यवसाय आहेत. त्यांत सुतारकाम आणि शिंपीकाम आहे, गादीकाम वेगळे नमूद नाही. जो सुतारकाम करतो तो सुतार म्हणून नाव नोंदवू शकतो. योजनेतले कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे, पण ते घेण्याची सक्ती नाही. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत हे कर्जाविनाही घेता येते. आपल्या वस्तीत बिनव्याजी पतसंस्था असेल तर तिचाही विचार करावा, नाहीतर घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या सधन माणसाशी नफ्या-तोट्याची भागीदारी करावी. ती मात्र लेखी हवी.

जीएसटीचा बाऊ करू नये. केवळ सेवा देणाऱ्याची महाराष्ट्रातली वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. शिसवीची खुर्ची परदेशी पाठवायची असेल तर मात्र कागदपत्रांची माहिती आधी काढावी, कारण शिसवीची सारी जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे.

पुढे कोण?

चाचांना दोन मुलगे आहेत. एक आखातात, दुसरा मोबाइलच्या दुकानात. दुकानात हाताखाली एकच मुलगा, तोही बिहारकडचा, ईदला गेला की परत येईल की नाही याचा भरवसा नाही. काम कमी नाही, हात कमी आहेत. आमच्यादेखत दोन गिऱ्हाइके पुढच्या महिन्याचा वायदा घेऊन गेली. आपल्या मोहल्ल्यांत बारावीनंतर रिकामी बसलेली पोरे मोजली तर डोळ्यांत पाणी येते, आणि इथे एक उस्ताद शिकवायला तयार असून शिकणारा मिळत नाही.

शिकायला किती वेळ लागतो हे आम्ही चाचांना विचारले. त्यांच्या मते हात सहा महिन्यांत बसतो. नजर बसायला तीन वर्षे लागतात. आणि आतले काम वरच्यासारखेच स्वच्छ करण्याची सवय पहिल्या दिवशी लागली तर लागली.

आमची खुर्ची घरी आली. लाकूड तेच. बैठकीला सोलापुरी चादर आणि पाठीला मशरू, रेयॉनचे, चाचांनी बिलावर तसेच लिहून दिले. सगळ्यांत खाली सापडलेली ती पट्टेरी कापडाची किनार त्यांनी फेकली नाही. बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, शिवून ठेवली. का, असे विचारले तर म्हणाले, पुढे कधी कुणी ही खुर्ची उकलेल तेव्हा त्याला कळले पाहिजे की आधीच्याने काय पाहिले होते.

आपण ज्याला खुर्ची म्हणतो तो शब्द मुळात अरबी, कुर्सी. आयतुल कुर्सी आपल्या घराघरांत रोज पढली जाते. तिच्यात त्या अल्लाहचे वर्णन आहे ज्याच्यापासून समोरचे आणि मागचे काहीच लपलेले नाही. गादीकाम करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तर त्याला जाहिरातीची गरज पडणार नाही. ज्या तरुणांना हे काम शिकायचे असेल त्यांनी आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या कारागिराच्या दुकानाची पायरी चढावी आणि सलाम करून बसावे. बाकीचे इन्शाअल्लाह तो शिकवेल.